आदणाला एक

"तू काहिलीपाशी न्हवतास."

"होतो की."

"न्हवतास, सयाजी. मी हितं वाफ्याच्या कडंला उभा हाय मघापास्नं."

"मग बघितलंय तर इचारतासा कशाला, आप्पा?"

"कुठं गेलतास ते इचारालोय."

"कुठं बी न्हाय. जरा पाय मोकळं करून आलो."

"आदण उतरायच्या वक्ताला पाय मोकळं?" आप्पासो मगदुमांनी वाफ्यातला गूळ लाकडी उलथन्यानं खरवडला आणि सयाजीच्या नाकासमोर धरला. "ह्यो रंग बघ. चाख. चाख की."

सयाजीनं चाखला नाही. वासावरूनच त्याला कळलं होतं. गूळ करपला होता, आणि चाखून त्यात काही फरक पडणार नव्हता.

कसबा बावड्याच्या वेशीवरचं हे मगदुमांचं गुऱ्हाळ. उसाचा रस इथं हौदाएवढ्या पसरट कढईत, म्हणजे काहिलीत, चढतो, अडीच तास उकळतो आणि गूळ होऊन थंड व्हायला वाफ्यात उतरतो. रस चढल्यापासून उतरेपर्यंतचा एवढा खेळ म्हणजे एक आदण. त्यातली पहिली सव्वादोन तासांची कामं कुणालाही शिकवता येतात. चुना घालायचा, भेंडीचं पाणी घालायचं, वर आलेली मळी काढायची. शेवटची पंधरा मिनिटं मात्र गुळव्याची, म्हणजे इथं सयाजीची. त्या पंधरा मिनिटांत गुळव्या कुणाशी बोलत नाही. काहील कधी उतरवायची ते तोच सांगतो. दोन मिनिटं आधी सांगितलं तर गूळ बसत नाही, दोन मिनिटं उशीर झाला तर हे असं.

"एक बिघडलं असतं तर बोललो नसतो," आप्पासो म्हणाले. "हे तिसरं. आता घाण्याचं बेअरिंग बदलायला काढालोय, धा दिवस बंदच हाय. पुढल्या रविवारी चालू करू. कागलचा एक गुळव्या सांगून ठेवलाय मी."

"आन मी?"

"तू कुठं गेलतास ते सांग, मग बोलू."

चुलवाणाच्या तोंडाशी जाळ घालणारा आण्णा चिपाडाचा भारा हातात धरून थांबला होता. घाण्यावरची माणसं, वाफ्यावरची माणसं, सगळी मिळून सहा. सहाही जण सयाजीकडं बघत होती. उत्तर साधं होतं. चिपाडाच्या गंजीमागं लघवीला गेलो होतो. पण एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागणार होतं, की तासाभरातली ती चौथी खेप होती, आणि तीही वेळेत पोचली नव्हती.

"काय न्हाय सांगण्यासारखं," असं म्हणून सयाजीनं खुंटीवरचा टॉवेल ओढला.

सयाजी खाडे चौदाव्या वर्षी चुलत्याच्या हाताखाली काहिलीपाशी उभा राहिला तो अजून उभाच होता. आता तो एकसष्ट वर्षांचा होता. चुलत्यानं त्याला पहिली दोन वर्षं काहिलीकडं बघूच दिलं नव्हतं. पाठ करून उभं राहायचं आणि नुसतं ऐकायचं. रस उकळतो तेव्हा भातासारखा वाजतो, दाट व्हायला लागला की पिठल्यासारखा, आणि उतरायच्या आधी एक आवाज येतो तो कशासारखाच नाही. तो ओळखू येईपर्यंत चुलत्यानं त्याला उलथनं हातात दिलं नाही. पुढं सयाजीचा गूळ मार्केट यार्डात नुसत्या रंगावरून ओळखला जाऊ लागला. अडते रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडायचे आणि विचारायचे, मगदुमांचा काय? मगदुमांचा म्हणजे सयाजीचा, हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त रव्यावर तसं लिहिलेलं नसायचं.

सत्तेचाळीस हंगाम उभं राहिल्याची किंमत गुडघ्यांनी दिली. दसऱ्याच्या सुमाराला उजवा गुडघा एवढा धरला की पायरी चढवेना. शहरातल्या एका हाडाच्या डॉक्टरनं फोटो काढला, झीज झाली आहे म्हणाला, संधिवात आहे म्हणाला, आणि वेदना कमी करणारी गोळी लिहून दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवण झाल्यावर, दहा दिवस, मग परत या. गोळीनं जादू झाली. परत कोण जातंय? तीच चिठ्ठी दाखवून बावड्यातल्या औषधाच्या दुकानातून तीच गोळी येत राहिली, आणि सयाजी काहिलीपाशी पुन्हा तरण्यासारखा उभा राहिला.

डिसेंबरात नवीन दुखणं सुरू झालं. आधी दिवसाला आठदा, मग दहादा, मग मोजणं बंद. लागली की थांबायची सोय नाही, आणि गेलं तर चार थेंब, तेही चुरचुरत. न्हाव्याकडं अर्धी दाढी झाल्यावर तो साबणासकट उठून पळाला, तेव्हा अख्ख्या चौकानं बघितलं. सयाजीनं त्यावर त्याच्या मतानं शहाणपणाचा उपाय काढला. पाणी बंद केलं. चुलवाणाच्या धगीत उभं राहून दिवसभरात अर्धा तांब्या. दुपारची आंबील परत पाठवायला लागला. दुखणं त्यानं वाढलं.

खरी भीती वेगळीच होती. आण्णा एकदा जाळ सारता सारता म्हणाला होता, "सयाजीदा, सारखं उठालाय. गुळव्याला साखर लागली जणू." सगळे हसले, सयाजीही हसला. घरी येईपर्यंत ते हसू पार उतरलं. त्याचा थोरला भाऊ साखरेनंच गेला होता, आधी पायाचं बोट, मग पाय, मग तो. आणि साखर असलेला गुळव्या म्हणजे काय? दिवसाला पाच वेळा गूळ जिभेवर ठेवल्याशिवाय ज्याचं काम होत नाही, त्याला चाखायला बंदी झाली तर त्यानं काहिलीपाशी उभं राहून करायचं काय? म्हणून त्यानं तपासलं नाही. तपासलं नाही तोवर साखर नव्हती.

त्या गुरुवारी घरी आल्यावर बायकोनं, धोंडुबाईनं, त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तो तसाच राहिला. तिनं ताट वाढलं, तांब्या जरा पुढं सरकवला.

"प्या की."

"तान न्हाय."

"दिसभर चुलीपुढं उभं राहून तान न्हाय?" धोंडुबाई समोर बसली. मग आप्पासोंशी झालेलं भांडण तिनं त्याच्याकडून एकेक शब्द ओढून काढलं, आणि शेवटी विचारलं, मग खरं का सांगितलं नाहीसा?

"खरं कसलं?"

"गेल्या पंधरवड्यात विजारीवर रस सांडून आलासा," ती म्हणाली. "मला म्हणालासा, मोगा कलंडला."

"कलंडला की."

"आवं, मी चाळीस वर्सं तुमची कापडं धुवालोय. रस बाहेरनं लागलावता. आतनं काय लागलंवतं ते मला कळत न्हाय व्हय?"

सयाजीचा घास हातातच राहिला. त्या दिवशी वेळेत पोचता आलं नव्हतं, आणि चारचौघांत ओली विजार घेऊन यायचं म्हणून त्यानं गंजीमागं उभं राहून स्वतःच्या अंगावर मोगाभर, म्हणजे मडकंभर, रस ओतून घेतला होता. वाटेत मुंग्या चढल्या. बायकोला तो हसत म्हणाला होता, आज लई गोड झालोय. तीही हसली होती. तिला तेव्हाच कळलं होतं.

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"तुम्ही बोलशीला म्हणून वाट बघालतो."

दुसऱ्या दिवशी ती त्याला बावड्यातल्याच डॉ. त्रिशलांकडं घेऊन गेली. सयाजीनं बाकावरच ठरवून टाकलं होतं, की गुडघ्याचं दाखवायला आलोय असं सांगायचं. सांगितलंही. धोंडुबाई म्हणाली, "गुडघ्याचं न्हाय, बाई," आणि सगळं सांगून मोकळी झाली. सयाजी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत राहिला. लेकीच्या वयाची डॉक्टर, आणि ती गाव कुठलं, शेती किती असं विचारावं तितक्या सहज विचारत होती. किती वेळा? आग होते? रक्त दिसलं का? झोपेतून उठावं लागतं? गोळ्या कुठल्या चालू आहेत? गुडघ्याची, दिवसाला दोन, तो म्हणाला. पाकीट आणून दाखवा, ती म्हणाली. लघवी तपासली, रक्त घेतलं, सोनोग्राफीला पाठवलं. सोमवारी या.

शनिवार-रविवार सयाजीनं घरात कुणाला नीट बोलू दिलं नाही.

सोमवारी डॉक्टरनं रिपोर्ट पुढं ओढले. "साखर नाही, काका."

"काय?"

"साखर नाही. एकदम नॉर्मल आहे."

"बघा नीट. नाव बघा, खाडे. एवढा गूळ चाखून बी न्हाय?"

"एवढा चाखूनसुद्धा नाही."

सयाजीनं खुर्चीला पाठ टेकली. ह्या खुर्चीला पाठ आहे हे त्याला आत्ता कळलं. डॉक्टर पुढं सांगत होती. लघवीत जंतू नाहीत. प्रोस्टेटची गाठ वयाप्रमाणे जराशी आहे, तिच्यानं एवढं होणार नाही. किडनीचा एक आकडा मात्र काठावर आहे, आणि तो तिला आवडलेला नाही. मग हे होतंय कशानं? तिनं पाकीट मागितलं.

धोंडुबाईनं पिशवी टेबलावर उपडी केली. पाकीट नव्हतं, पाकिटं होती. धुवायला टाकलेल्या शर्टांच्या खिशातून निघालेल्या, पाण्यात चुरगळलेल्या, रिकाम्या पट्ट्या. डॉक्टर त्यांच्याकडं बघत राहिली.

"ह्या किती दिवसांच्या?"

"नाताळापास्नं," धोंडुबाई म्हणाली. "टाकून देत हुतो, मग म्हटलं ठेवावं."

"काका, तुम्ही दिवसाला दोन म्हणालात."

"दोनच की. मंजे डॉक्टरनं सांगितलेलं तसंच. आदणाला एक."

"आदणाला?"

सयाजीनं तिला समजावून सांगितलं. गुऱ्हाळावर दिवस घड्याळानं चालत नाही. पहिलं आदण, दुसरं आदण असा चालतो. भाकरी पहिल्या आदणानंतर, चहा दुसऱ्याला, सुट्टी शेवटचं उतरल्यावर. डॉक्टरनं दोन गोळ्या सांगितल्या तेव्हा हंगाम नुकता सुरू झाला होता, दिवसाला दोनच आदणं निघत होती. म्हणजे आदण चढलं की एक गोळी. लक्षात ठेवायला सोपं. त्यानं एकदाही चुकवली नाही, आता घाणा बंद असतानासुद्धा घरी आदणाच्या वेळा धरून घेत होता.

"आणि आता दिवसाला आदणं किती निघतात?" डॉक्टरनं विचारलं.

सयाजी बोटांवर मोजायला लागला.

"किती, काका?"

"पाच," तो म्हणाला. "बंद पडायच्या आदल्या दिशी सा निघाली."

मग आधी धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडतेय असं वाटून डॉक्टरनं पाण्याचा ग्लास पुढं केला, पण ती हसत होती. तिचं बघून सयाजी हसायला लागला, आणि इतक्या मोठ्यानं हसला की बाहेर बाकावरच्या एका बाईनं दार ढकलून आत डोकावलं.

डॉक्टर मात्र हसली नाही. ह्या जातीच्या गोळ्यांनी क्वचित कुणाच्या मूत्राशयाला असा त्रास होतो, ती म्हणाली. दिवसाला पाच-सहा गोळ्या, वरून पाणी बंद, म्हणजे किडनीचं काही बरंवाईट झालं नाही हेच नशीब. "पण गोळीमुळंच झालंय असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आज बंद करू आणि बघू. आठ दिवसांत उतरलं तर उत्तर मिळालं. नाही उतरलं तर पुढच्या तपासण्या आहेत, तेव्हा लाजायचं नाही."

"आन गुडघा?"

"गुडघा दुखणार." तिनं साधी गोळी लिहून दिली, तीसुद्धा घड्याळ बघून घ्यायची अशी ताकीद देऊन. पट्टा दिला, मांडीचे व्यायाम दाखवले, पाणी किती प्यायचं ते तांब्याच्या मापात सांगितलं. "आणि काका, उभं राहणं कमी. बसून करा काम."

"गुळव्या बसत न्हाय, बाई."

"मग घरी बसा," धोंडुबाई म्हणाली.

पहिले दोन दिवस काहीच फरक नव्हता. धोंडुबाई न्हाणीघराच्या कडीचा आवाज ऐकून मनात मोजत होती, आणि तांब्यावर तांब्या पाजत होती. तिसऱ्या दिवशी कडी जरा उशिरा वाजली. चौथ्या दिवशी चुरचुर गेली. गुडघ्यानं मात्र सगळी थकबाकी वसूल करायला घेतली होती, उठताना सयाजी दाराची चौकट धरायचा आणि चुलत्याच्या नावानं ओरडायचा. पाचव्या दिवशी तो न्हाव्याकडं गेला. पुरी दाढी केली, वर डोक्याला तेल लावून घेतलं, आणि काम संपल्यावरही पेपर वाचत बसून राहिला. न्हाव्यानं शेवटी विचारलं, आज घरात काय भांडण झालंय काय?

त्याच संध्याकाळी धोंडुबाई सुताराकडून बाभळीचं एक स्टूल घेऊन आली. कमरेएवढं उंच. सयाजीनं त्याला हात लावला नाही. शनिवारी मात्र ती दुकानाला गेली होती तेव्हा त्यानं त्यावर बसून बघितलं. डावा पाय खाली टेकवला, उजवा आडव्या फळीवर ठेवला. डोळे मिटले. ऐकायला काही अडचण नव्हती.

रविवारी सकाळी सात वाजता तो स्टूल खांद्यावर टाकून मगदुमांच्या घरात शिरला. घर आणि गुऱ्हाळ एकाच आवारात, मधे नुसतं अंगण. घाणा सुरू झाला होता. सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीत, आप्पासो फोनवर कागलच्या गुळव्याशी बोलत होते, तो साडेसातला पोचतो म्हणत होता, त्या भरवशावर पहिलं आदण चढवलं होतं. त्यांनी सयाजीला बघितलं, स्टूल बघितलं, आणि सोफ्याकडं हात केला. सयाजीनं स्टूल सोप्याच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर बसला.

"काय काम काढलंस?"

"काम न्हाय. बसतो जरा. पाणी मिळंल काय?"

तांब्या आला. सयाजीनं तो एका दमात रिकामा केला. चहा आला, तो घेतला. आप्पासोंनी गुडघ्याची चौकशी केली, बेअरिंगची कथा सांगितली, उसाच्या तोडणीवर बोलून झालं. साडेसात झाले, आठ झाले, नऊ वाजून गेले. कागलच्या माणसाचा फोन लागेना. सयाजीनं दुसरा तांब्या मागितला, दुसरा चहाही घेतला. आप्पासोंच्या कपाळावर आठी आली. पेपर चाळून झाला, देव्हाऱ्यापुढं जाऊन आले, तरी हा माणूस स्टुलावर तसाच. आण्णा दोनदा दारात येऊन गेला. रस दाटत आलाय, कागलचं पावणं कुठं हायत, त्यानं विचारलं, आणि सयाजीकडं बघत बघत परत गेला.

"सयाजी, मर्दा, तू बोल तरी. का आलाईस?"

"मी आलो तवा आदण चढलं. बरोबर?"

"बरोबर."

"दोन तांबं पाणी प्यालो. दोन कप च्या. मधी उठलो काय?"

"न्हाय की. खिळा ठोकल्यागत बसलाईस." आप्पासो बोलता बोलता थांबले. त्यांची नजर स्टुलावरून अंगणापलीकडच्या चिपाडाच्या गंजीकडं गेली आणि तिथून हळूहळू परत आली. "त्या दिशी गंजीमागं गेलतास."

"व्हय."

"आन आदीच्या दोन येळा?"

"तवा बी."

मग सयाजीनं सगळं सांगितलं. आदणाला एक गोळी, सहा आदणं, साखरेची भीती, रसाचा मोगा. एकदा सुरू केल्यावर ते अवघड नव्हतं. आप्पासोंनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी ते म्हणाले, "सांगायचं हुतंस की रं मला."

"सा माणसांत काय सांगू, आप्पा?"

आप्पासोंनी मान हलवली. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घालून एक पट्टी काढली आणि चष्मा वर करून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागले. मानेसाठी घेतोय, ते म्हणाले. रोज किती, सयाजीनं विचारलं. दुखलं की एक, ते म्हणाले, आणि पट्टी खिशात न ठेवता टेबलावर ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. कागलचा गुळव्या तावडे हॉटेलपाशी पोचला होता, वाटेत गाडी पंक्चर झाली होती, दहा मिनिटांत येतो म्हणत होता. आप्पासोंनी फोनवर हात दाबून धरला.

अंगणापलीकडून काहिलीचा आवाज येत होता. इतका वेळ तो पिठल्यासारखा रटरटत होता. आता त्यात काहीतरी बदललं. आप्पासोंना ते कळलं नाही. सयाजीची मान किंचित वळली.

"सयाजी, ह्या पावण्याला काय सांगू मी?" आप्पासोंनी विचारलं. "आन स्टुलावर बसून गूळ निघतोय व्हय कधी?"

सयाजीनं दाराची चौकट धरून पायात चपला सरकवल्या, स्टूल उचलून खांद्यावर टाकलं आणि काहिलीच्या रोखानं अंगणात उतरला.